सोळा-सतराचा पाना

१२ जानेवारी १९९४, बुधवार. मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते.

एक डबा आदल्या दिवशीच निवडून भरून ठेवला होता. आता पोत्यातली उरलेली ज्वारी घेतली होती. सकाळचे दहा वाजले असतील. कारखान्याची जीप आमच्या दारात येऊन थांबली. चितेगावच्या त्या बोळात जीप कधी येत नसे. मला वाटलं, ह्यांना मशीनवर काही झालं. सूप बाजूला ठेवून मी उठले.

जीपमधून मेंटेनन्सचे साहेब उतरले. त्यांच्यामागे दोन वॉचमन. सगळ्यात शेवटी माझे मालक. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, मान खाली. हातपाय धड होते. तेवढं बघून मी श्वास सोडला.

"ही बायको का?" साहेबांनी विचारलं. ह्यांना नाही, वॉचमनला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाजूला हो. झडती घ्यायचीय."

"कशाची?"

"ते नवऱ्याला विचार."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत राहिले.

वॉचमन चपला घालून घरात शिरले. घर म्हणजे एक खोली, भाड्याची. शोधायला किती वेळ लागणार? गाद्या उलट्या केल्या. पिठाच्या डब्यात हात घातला. मुलीचं दप्तर खुंटीवरून काढून झटकलं. मग ज्वारीचा भरलेला डबा दोघांनी उचलून बाहेर आणला आणि अंगणात पालथा केला. सकाळी सडा घातलेला होता, माती ओली होती. त्या मातीत माझी आख्ख्या दुपारची निवडलेली ज्वारी पसरली. डब्यात ज्वारीशिवाय काही नव्हतं. हे मी पाहिलं, साहेबांनी पाहिलं, दारात जमलेल्या बोळानं पाहिलं.

मग ट्रंक उघडली. तळाशी ह्यांचा नौदलाचा पांढरा गणवेश होता. वर्षातून एकदा मी तो उन्हात घालून परत घडी करून ठेवत असे. वॉचमननं तो दोन बोटांत धरून बाहेर भिरकावला. तो ज्वारीवर पडला.

साहेब जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "यांना विद्यापीठाला नाव पाहिजे. आता आमचे पानेपण पाहिजेत."

चार-पाच जण हसले. कोण हसलं ते मला आजही सांगता येईल.

तेवढ्यात आतून वॉचमन ओरडला, "साहेब, हा बघा! सोळा-सतरा!" भिंतीवरच्या फळीवरून त्यानं एक पाना काढला होता, एका तोंडाला सोळा नंबर, दुसऱ्याला सतरा.

हे तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तो माझा आहे साहेब. गोव्याहून आणलेला."

साहेबांनी पाना खिशात घातला. "उद्या दहाला ऑफिसात ये. हिलाही आण."

जीप गेली. हे तिथंच उभे राहिले. मी आधी गणवेश उचलला, मग खाली बसून ज्वारी गोळा करायला लागले. ओली वेगळी, कोरडी वेगळी. घरमालकीण तिच्या दारातून बघत होती. पाचोडकडच्या मोठ्या बागायतदाराच्या घरातली बाई. मुलगा शहरात नोकरीला. ती म्हणाली, "माझ्या दारात आजवर असली गाडी आली नव्हती बाई. तुम्ही नेव्हीवाले म्हणून खोली दिली. बाकीचं मी काही विचारलं नव्हतं."

बाकीचं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तोपर्यंतच्या आयुष्यात मी हेच एक काम नीट शिकले होते.

आता त्या फळीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे मालक पंधरा वर्षं नौदलात होते, पण जहाज चालवणारे नव्हते. नौदलाची स्वतःची विमानं असतात, त्यांची इंजिनं उघडून दुरुस्त करणाऱ्यांपैकी ते एक. मॅट्रिक झाल्यावर भरती झाले. कोचीला शिकले, गोव्याच्या तळावर राबले, काही वर्षं विमानवाहू जहाजावर काढली. तिथं हत्यारं ठेवायची एक रीत होती. प्रत्येक हत्याराला फळीवर जागा, आणि त्या जागेवर त्याच हत्याराचा आकार काळ्या रंगात काढलेला. हत्यार काढलं की मागं त्याची सावली दिसते. काम संपलं की सगळ्या सावल्या झाकल्या गेल्या पाहिजेत. एक जरी उघडी राहिली तर विमान उडत नाही. मोठा साहेब घाईत असो नाहीतर मंत्री येणार असो.

दुसरी रीत सहीची. काम केलं त्यानं सही करायची. दुसऱ्यानं ते काम डोळ्यांनी बघायचं, मग त्यानं सही करायची. न बघता सही नाही. लिहिताना चूक झाली तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी छोटी सही आणि तारीख. चूकही दिसली पाहिजे आणि कुणी सुधारली तेही.

नौदलात जात नव्हती असं मी म्हणणार नाही. क्वार्टरच्या नळावर बायका आडनाव विचारायच्या आणि ऐकल्यावर घागर थोडी सरकवायच्या. पण फळीपुढं सगळे सारखे होते. एकदा ह्यांच्याच हातून एक लहान स्क्रू ड्रायव्हर हरवला. ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. तीन विमानं दिवसभर उभी राहिली. संध्याकाळी तो एका पंखाच्या खाचेत मिळाला. ह्यांना वाटलं, आता बाहीवरची बढतीची पट्टी गेली. मोठा साहेब सगळ्यांना रांगेत उभं करून म्हणाला, "हा बोलला म्हणून दोन माणसं जिवंत आहेत."

ते वाक्य ह्यांनी घरी येऊन मला तीनदा सांगितलं. जेवताना, हात धुताना, झोपताना. चूक सांगणाऱ्याला दुनिया मान देते असं ह्यांच्या डोक्यात कायमचं बसलं. गोव्याच्या तळाबाहेर ते खरं नाही हे ह्यांना कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. मला तर ते लहानपणापासून माहीत होतं.

नव्वद साली सुटून आम्ही औरंगाबादला आलो. चिकलठाण्याच्या विमानतळावर विचारलं, तर नागरी विमानांचं लायसन्स मागितलं. फौजेचा कागद तिथं चालत नव्हता. वाळूजला नवे कारखाने धडाधड उभे राहत होते. चार ठिकाणी गेले. चारही ठिकाणी एकच उत्तर. "माजी सैनिक? वॉचमनची जागा आहे." इंजिन उघडणाऱ्या माणसापुढं काठी आणि शिट्टी ठेवायची. शेवटी पैठण रोडवरच्या या कारखान्यात फिटर म्हणून घेतलं. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे तिथं. मेंटेनन्सच्या खोलीत माठ होता. सगळ्यांचे ग्लास माठाजवळ, ह्यांचा खिडकीत. ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "घरून बाटली नेत जा." बाटली मीच भरून द्यायचे. तेही लिहून ठेवते. तो ग्लास खिडकीत राहिला त्यात माझाही हात होता.

घरात भिंतीवर ह्यांनी तशीच फळी केली होती. स्वतःची हत्यारं, खाली काळ्या सावल्या, प्रत्येकीखाली नंबर. शेजारी माझ्या उलथण्याची आणि विळीचीही सावली काढून दिली होती. मी हसले होते. पण विळी कधी हरवली नाही.

तर अकरा जानेवारीला, मंगळवारी, ह्यांनी मोठ्या प्रेसचा ब्रेक दुरुस्त केला. प्रेस म्हणजे वरून दाब येतो आणि खाली ठेवलेल्या पत्र्याला आकार देतो. पत्रा ठेवणाऱ्याचे हात दर वेळी दाबाखाली जातात. ब्रेक धरला नाही तर दाब वर थांबत नाही, खाली येतो. काम संपल्यावर ह्यांनी सवयीनं हत्यारं मोजली. कारखान्याचा सोळा-सतराचा पाना कमी होता. हे साहेबांकडे गेले.

"साहेब, एक पाना कमी आहे. वर ब्रेकजवळ पडला असणार. सापडेपर्यंत प्रेस सुरू करू नका."

"एका पान्यासाठी?"

"तो मधे अडकला तर दाब थांबणार नाही."

"हे तुझं जहाज नाही. माल आज जायचाय."

प्रेस सुरू झाला. ह्यांनी मग जे केलं ते असला माणूसच करणार. पाळीच्या रजिस्टरमधे लिहिलं, 'पाना मशीनमधे असण्याची शक्यता. मशीन चालवू नये.' खाली सही, तारीख.

ती ओळ साहेबांच्या गळ्यात अडकली. पुढं काही झालं असतं तर ती ओळ बोलली असती. ती खोटी ठरवायची तर पाना दुसरीकडे सापडायला हवा होता. म्हणून बुधवारी जीप आमच्या दारात आली.

हे सगळं ह्यांनी मला बुधवारी संध्याकाळी सांगितलं. मी भाकरी थापत होते. बोलून झाल्यावर विचारलं, "उद्या माफी लिहून मागतील. काय करू सांग."

मी म्हणाले, "करा सही."

"मी चोरी केली असं?"

"ते काय लिहायचं ते लिहितील. तुम्ही सही करा आणि कामावर जा. नोकरी गेली तर ही खोलीपण जाईल. नामांतराचा धुरळा उडालाय, गावात पोलीस फिरतायत. आत्ता आपल्या बाजूनं कोण उभं राहणार?"

ह्यांनी ताट पुढं ओढलं. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

तव्यावर भाकरी करपत होती आणि मला माझे वडील दिसले. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमची घरं पेटली. आमचं पाचोडजवळचं घर गेलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. चार दिवसांनी वडील त्याच माणसांच्या शेतात कामाला गेले. मी विचारलं, कसं जाता? ते म्हणाले, "न जाऊन काय करू?" तेव्हा त्यांचा मला राग आला होता. सोळा वर्षांनी मी तव्यापुढं बसून तेच बोलत होते.

तरी मी शब्द मागं घेतला नाही. सरळ सांगते, त्या संध्याकाळी मला तोच शहाणपणा वाटला.

गुरुवारी दहाला ऑफिसात गेलो. बसायला सांगितलं नाही. कागद टाइप करून तयार होता. साहेबांनी पेन पुढं केलं. ह्यांनी सही केली. न वाचता. पंधरा वर्षांत न वाचता एकही सही न केलेला माणूस. मी सांगितलं म्हणून.

मग साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि शाईचा डबा उघडला. "साक्षीदार लागतो. इथं अंगठा लाव."

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

"मग सही कर. वेळ नाही."

मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. शाळेत उभं राहून वाचायचे तसा. 'कारखान्याचा पाना मी घरी नेला. तो माझ्या राहत्या घरी ज्वारीच्या डब्यात लपवलेला मिळाला. तो मशीनमधे राहिल्याची नोंद मी खोटी केली. प्रेस चालवण्यास सुरक्षित आहे.'

ज्वारीच्या डब्यात.

बाकी सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. पण तो डबा मी रिकामा केला होता, धुऊन उन्हात वाळवला होता. त्यातला दाणा न् दाणा माझ्या बोटांखालून गेला होता. आणि तो डबा भर अंगणात पालथा होताना मी बघत होते. भिंतीवर उघडा टांगलेला पाना चोरीचा ठरत नाही, म्हणून त्यांनी तो माझ्या ज्वारीत नेऊन ठेवला होता. कागदावर.

"डब्यात नव्हता," मी म्हणाले.

"मग कुठं होता?"

"भिंतीवर. तो आमचाच आहे. तुमच्या माणसानं काढला. डबा मी भरलाय. मी सही करणार नाही."

"नवऱ्यानं केली की."

"त्यांनी वाचलं नाही. मी वाचलं."

"नोकरी जाईल त्याची."

"जाईल."

मी शूर नव्हते. 'जाईल' म्हणाले तेव्हा डोळ्यांपुढं मुलीचं दप्तर आलं. तरी शब्द तोंडातून गेला होता.

साहेब ह्यांच्याकडे वळले. "बायकोला आवर. तुमच्यासारख्यांना आत घेतलं हीच चूक झाली."

ह्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. आता वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबले. मग टेबलावरचं पेन उचललं आणि स्वतःच्या सहीवर एक आडवी रेघ मारली. शेजारी छोटी सही केली. तारीख घातली.

"हे काय?" साहेब ओरडले.

"चूक दुरुस्त केली साहेब."

वॉचमननं आम्हाला फाटकाबाहेर काढलं. ह्यांचा गेटपास काढून घेतला.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात.

नोकरी गेली. कागदावर कारण चोरीच लिहिलं. तो कागद वाळूजला, चिकलठाण्याला, सगळीकडे आमच्या आधी पोहोचायचा. महिना संपायच्या आत खोली गेली. विमानाचं इंजिन उघडणारा माणूस विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला लागला, आणि म्हातारपणापर्यंत तेच करत राहिला. काम चोख. पण गोव्याची ती गोष्ट परत कधी सांगितली नाही. विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी त्याच शुक्रवारी आली. आम्हालाही आनंद झाला, का होणार नाही? माझं घर त्या नावापायी जळलं होतं. पण कारखान्याच्या रजिस्टरमधे आमच्या नावापुढं चोर होतं, ते तसंच राहिलं.

आणि आठ महिन्यांनी भागिनाथ आमच्या नव्या खोलीवर आला. हा त्या प्रेसवर काम करायचा. वैजापूरकडच्या धनगराच्या घरातला, भाऊ अजून मेंढरं राखतात. डावा हात फडक्यात गुंडाळलेला. दोन बोटं गेली होती. दाब न थांबता खाली आला होता. मग प्रेस उघडला.

"वैनी," तो दारातच म्हणाला, "पाना घावला. ब्रेकापाशीच व्हता."

हे आतून उठून आले. त्याचा हात बघितला आणि भिंतीला धरून खाली बसले. कारखान्यातून सांगायला कुणी आलं नाही. आमचा पानाही परत आला नाही. ह्यांनी पुढं नवा आणला, पण तो फळीवर लावला नाही, वेगळ्या खिळ्याला टांगला. सावली उघडीच ठेवली.

आता त्या शुक्रवारची सकाळ. ऑफिसातून हाकलल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

संक्रांत होती. मी पहाटे उठून पाणी भरलं, मुलीची वेणी घातली. मग खिळे काढून फळी भिंतीवरून उतरवली.

"कुठं चाललीस?" ह्यांनी विचारलं.

"गेटवर."

"काय करणार तिथं?"

"ज्वारी निवडणार. राहिलीय अजून."

मग उठून पोतं त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. हत्यारं सुतळीनं जागच्या जागी बांधून फळी मी काखेत धरली. हे आले नाहीत. मीही चला म्हणाले नाही.

फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक बाभूळ होती. तिच्या खोडाला फळी टेकवली. बाकी सगळी हत्यारं जागच्या जागी, मधे एकच काळी सावली उघडी, खाली पांढऱ्या रंगात सोळा-सतरा. मी खाली बसले आणि सूप मांडीवर घेतलं.

पहिल्या पाळीचे लोक यायला लागले. एक जण म्हणाला, "काय वैनी, औंदा हळदीकुंकू गेटवर ठिवलं का?" हसणारे हसले. पण हत्यारं हाताळणारी माणसं ती. सावलीवर नजर गेली की पावलं मंद व्हायची.

भागिनाथ आला. तेव्हा त्याची दहाही बोटं होती. मी त्याला हाक मारली.

"भाऊ, पाना माझ्या घरात नव्हता. तुमच्या प्रेसमधे आहे. हात घालू नका."

त्यानं फळीकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"तुमचं खरं आसंल वैनी. पर मी नाय गेलो तर तिथं दुसरा हुबा राहतो."

आणि तो आत गेला. मी त्याला अडवू शकले नाही.

मग जीपमधे आला होता तो वॉचमन रस्ता ओलांडून आला. "ऊठ इथून. साहेब यायची वेळ झाली."

"त्यांनाच दाखवायचीय," मी म्हणाले. "रस्ता कारखान्याचा नाही."

तो दोन पावलं पुढं आला. लोक थांबून बघायला लागले, तसा परत गेला.

मी सूप पाखडलं. खडे एका बाजूला काढले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तेच एक वाक्य सांगितलं. पाना माझ्या घरात नव्हता, तुमच्या प्रेसमधे आहे. कुणी ऐकलं, कुणी मान वळवली. साहेबांची गाडी आली, काच वर झाली. काचेलाही मी तेच सांगितलं. दुसरी पाळी आत गेली, पहिली बाहेर आली. मी उठले नाही. पोतं संपेपर्यंत निवडत राहिले. आणि पोतं संपलं तेव्हा निवडलेली ज्वारी पोत्यात ओतून पहिल्या दाण्यापासून परत सुरू केलं.